आधी बाजार, मग आहाराचा तक्ता

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेकांच्या हातात आधी एक तक्ता येतो. तो जिममधल्या मुलाने दिलेला असतो, कुणा नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, नाहीतर कुठल्या तरी दवाखान्यात सगळ्यांसाठी एकच छापून ठेवलेला असतो. त्यात सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली आणि संध्याकाळी ॲव्होकॅडो. उरण, न्हावा शेवा, जासई, गव्हाण, उलवे, पनवेल या पट्ट्यात राहणारा माणूस तो तक्ता घेऊन बाजारात गेला तर यातलं निम्मं मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, आणि परवडलं तरी घरात ते कसं रांधायचं हे कुणाला ठाऊक नसतं. महिनाभरात तक्ता फ्रिजच्या दारावरच राहतो आणि ताट पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणून माझं सांगणं असं, की आधी बाजारात जा. या आठवड्यात तिथे काय भरपूर, ताजं आणि स्वस्त आलंय ते बघा, आणि तक्ता त्यावरून बसवा.

या भागासाठी हे मुद्दाम सांगण्याला कारण आहे. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायला सुरुवात झाली. १९८४ च्या जानेवारीत या भूसंपादनावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. हा इतिहास इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. जमिनीबरोबर अंगमेहनतही गेली, हे मात्र कमी बोललं जातं. भाताची आवणी, मिठागरातलं फावडं, खाडीतली जाळी या कामांना तीन वेळचा तांदूळ लागायचा आणि तो जिरायचाही. आजचा मुलगा कंटेनर यार्डात संगणकासमोर बसतो, क्रेनच्या केबिनमध्ये बसतो, नाहीतर ट्रेलरच्या स्टिअरिंगवर आठ तास काढतो. घरातलं ताट मात्र आजोबांच्या मापाचंच वाढलं जातं: सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. पदार्थात दोष नाही. आगरी-कोळी घरातलं जेवण मुळात उत्तम आहे. मासे, वाल, पालेभाजी, आंबट कालवण. बदलायची आहे ती ताटातली वाटणी.

ती किती बदलायची, याचा एक भरवशाचा आकडा आपल्याकडे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारात माणशी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (मासे-मांस खाणाऱ्यांना त्याचा काही भाग त्यातून) आणि साधारण २७ ग्रॅम तेल-तूप, असा तो हिशेब आहे. बटाटा या ४०० ग्रॅममध्ये धरायचा नाही. आता हाच आकडा पिशवीत मोजून बघा. चार माणसांच्या घराला आठवड्याला ११ किलोंहून जास्त भाजी लागते. आपण पाव किलो भेंडी चौघांत करतो आणि भाजी झाली म्हणतो. दुसरीकडे तांदळाच्या एका मोठ्या भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ सहज जातं. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या की दिवसभराच्या धान्याचा बराचसा कोटा तिथेच संपतो आणि दुपारचा, रात्रीचा भात वर पडतो. वजन वाढतं ते या जागी. कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात. दुधी, पडवळ, काकडीसारख्या भाजीच्या १०० ग्रॅममध्ये २० च्या आत-बाहेर. पोट दोन्हींनी भरतं.

तेव्हा पहिलं काम पिशवी बदलण्याचं. भाजीची पिशवी दुप्पट करा आणि तांदूळ मोजून शिजवा. बाकी सगळं यानंतर.

बाजारात कुणाकडून घ्यायचं

पनवेलच्या काय, उरणच्या काय, बाजारात दोन तऱ्हेचा माल असतो. एक माल तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून, ज्याला आपण सगळे वाशी मार्केट म्हणतो, तिथून आलेला: नाशिक-पुण्याकडचा कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, सिमला मिरची. तो वाईट नाही, वर्षभर मिळतो आणि वजन कमी करणाऱ्याला त्याचाही आधार लागतो. दुसरा माल पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायकांचा. माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे-धोदाणीकडून, कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवरून ठाकूर आणि कातकरी बायका पहाटे निघून पनवेलला येतात. गावांतल्या शेतकरी बाया परसातलं, शेताच्या बांधावरचं आणतात. त्यांच्याकडे तराजू नसतो. जुडीवर किंवा वाट्यावर विकतात.

ओळखायचं कसं? जिच्यापुढे दहा-बारा प्रकारच्या भाज्या मांडलेल्या असतात तिचा माल बहुतेक वेळा घाऊक बाजारातून उचललेला असतो. जिच्यापुढे दोन-तीनच गोष्टी, त्याही लहान-मोठ्या, थोड्या मातीसकट, तिने त्या स्वतः तोडलेल्या असण्याची शक्यता जास्त. तिला विचारा, कुठली भाजी, कशी करायची. ती सांगते, आणि ते कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाहून नेमकं असतं. सकाळी लवकर जा. उन्हं वर आली की पालेभाजी मान टाकते. आणि तिच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. डोंगर उतरून, भाड्याची जीप करून ती जुडी इथवर आलेली असते.

ताजेपणाच्या खुणा घरच्या बायकांना माहीत असतात, पण आता खरेदी पुरुष आणि मुलंही करतात म्हणून थोडक्यात सांगते. भेंडीचं टोक वाकवलं तर कट्‌कन मोडावं. दुधीच्या सालीत नख सहज रुतावं. वांग्याचा देठ हिरवा हवा. माशाचे कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, आणि बोट दाबून उचललं की खड्डा राहू नये.

पावसाळा: वजन उतरवायला सगळ्यात सोपा काळ

पावसाळ्यात माणूस भजी खातो आणि वजन वाढवून घेतो. खरं तर या पट्ट्यात हलक्या, चोथा भरपूर असलेल्या भाज्या जितक्या जून ते सप्टेंबरमध्ये मिळतात तितक्या एरवी कधी मिळत नाहीत. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, जेमतेम काही आठवडे. त्यांना खाज असते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. म्हणून शेवळं काकडांच्या आंबट रसाबरोबरच शिजवायची रीत आहे. विकणारी बाई शेवळांबरोबर काकडंही देते, ती नको म्हणू नका. मग टाकळा येतो. कोवळा असताना, फुलावर यायच्या आत, लसूण आणि मूठभर मूगडाळ घालून केला तर एक जुडी दोघांना पुरते. त्यामागोमाग कुर्डू, फोडशी, भारंगी, आणि कंटोली. भारंगीचा पाला कडू, तो उकळून पाणी काढून मगच परतायचा. कंटोली महाग वाटते, पण ती बटाटा न घालता नुसती काप करून तव्यावर परतली तर मासे न खाणाऱ्यालाही जेवल्यासारखं वाटतं. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ठिकठिकाणी भरतात. जिला या भाज्या ओळखता येत नाहीत अशा नव्या सोसायटीतल्या सुनेने तिथे एक चक्कर जरूर मारावी.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगते. रानभाजीने चरबी वितळते, असे संदेश फिरतात. ते खोटे आहेत. या भाज्यांचा उपयोग इतकाच आणि तो पुरेसा आहे, की कमी कॅलरींत ताट भरतं, चोथ्यामुळे पोट उशिरापर्यंत रिकामं वाटत नाही, आणि लोह, कॅल्शियम यांची भर पडते. दुसरं म्हणजे टाकळा आपल्याकडे रस्त्याच्या कडेलाही माजतो. करळ फाट्याच्या बाजूला, ट्रेलरच्या रांगा जिथे दिवसभर उभ्या असतात तिथला पाला तोडू नका. डिझेलची काजळी त्याच्यावर बसलेली असते. गटाराच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याच्या कडेला लावलेली पालेभाजीही टाळा. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने कासाडी नदीचं काय झालं हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. पालेभाजी कुठलीही असो, मोठ्या पातेल्यात पाणी बदलून तीन वेळा धुवा, आणि ओळख पटल्याशिवाय रानातली कुठलीही वनस्पती, विशेषतः अळंबी, घरात आणू नका.

श्रावण लागला की परसातल्या मांडवांवर पडवळ, दोडका, घोसाळी, काकडी, दुधी लगडतात. वजन कमी करणाऱ्याने या दिवसांत दोन वेळच्या जेवणाची सुरुवात काकडीने करावी, सोलून नुसती, मीठ न लावता. घोसाळ्याची भजी मात्र नको. घोसाळं मूगडाळीत शिजवा. अळूचं फदफदं हवं तितकं खा. अळूवडी उकडून, तव्यावर चमचाभर तेलात भाजली तर तीही चालेल.

मासे, बंदी आणि सुकट

मासेखाऊ घराला वजन कमी करणं तुलनेने सोपं जातं, कारण प्रथिनं मुबलक मिळतात आणि प्रथिनांनी भूक लवकर शमते. बहुतेक पांढऱ्या मांसाच्या माशांत १०० ग्रॅममागे १०० च्या आसपास कॅलरी आणि १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात. ताज्या बोंबलात तर बहुतांश पाणीच. बांगडा, तारली हे तेलकट मासे कॅलरीने थोडे जड, पण त्यातलं तेल हृदयाला चांगलं. आठवड्यातून दोनदा खावेत. करंजा बंदरावर बोटी लागतात तिथून, नाहीतर उरणच्या, पनवेलच्या मासळी बाजारातून घ्या, आणि सुरमई-पापलेटच्या मागे लागू नका. मांदेली, बोईट, निवट्या, कोलंबी, चिंबोऱ्या, शिंपल्या यांत प्रथिनं काही कमी नाहीत आणि खिशाला ते हलके आहेत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, म्हणून ती पाळलीच पाहिजे. या दोन महिन्यांत घरोघरी सुकट, सुका जवळा, सुके बोंबील निघतात. सुक्या मासळीत प्रथिनं आणि कॅल्शियम दाटून आलेलं असतं, पण मीठही. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको म्हणते. त्यामुळे सुकट आधी कोरडी भाजून घ्या, मग कोमट पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदला, भाजीत वरून मीठ घालूच नका, आणि रक्तदाब असेल तर मूठभराच्या वर घेऊ नका. टाकळ्यात किंवा दुधीत घातलेला जवळा हा आपल्या बायकांनी शोधलेला फार शहाणा बेत आहे: भाजी पुष्कळ, मासा थोडा, चव पुरेपूर.

जी घरं मासे खात नाहीत, किंवा श्रावणात सोडतात, त्यांच्यासाठी वाल आहेत. सुक्या वालात जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनं असतात. मोड आणून, सोलून बिरडं करायला वेळ लागतो. रविवारी एकदम मोड आणून फ्रिजमध्ये ठेवले तर आठवड्याला दोनदा होतं. वाटीभर बिरड्याबरोबर अर्धीच भाकरी घेतली तरी दुपारचं जेवण पूर्ण होतं.

चूल आणि तेलाचा डबा

ताजी भाजी आणि ताजं म्हावरं घरी आणूनही वजन हलत नाही तेव्हा कारण बहुधा फोडणीत सापडतं. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे छोट्या चमचाभर तेलात सुमारे ४०. पळीने तेल ओतायची सवय असेल तर एका भाजीत २०० कॅलरी कधी गेल्या ते कळतही नाही. मोजायचा सोपा मार्ग सांगते. माणशी २७ ग्रॅम धरले तर चौघांना ५ लिटरचा डबा साधारण सहा आठवडे पुरायला हवा. डबा उघडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. महिन्यातच तो संपत असेल तर डाएटचा तक्ता बदलण्याची गरज नाही, पळी बदला. वजन उतरवायचं असेल तर माणशी दिवसाला तीन-चार छोटे चमचे एवढंच तेल धरावं.

खोबऱ्याचंही तसंच. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. अर्ध्या नारळाचं वाटण चौघांच्या कालवणात गेलं की प्रत्येकाच्या वाटीत शंभरावर कॅलरी नुसत्या वाटणाच्या. रोजचं कालवण कोळी पद्धतीने चिंचेवर किंवा आमसुलावर, लसूण-मसाल्याचं करा, वाटणाचं रविवारी. मासा तळायचा तर रवा लावून कढईत सोडू नका, जाड तव्यावर चमचाभर तेल सोडून झाकण ठेवा.

आणि थंडीत पोपटी लावा. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात, वर जाळ. एक थेंब तेल नाही. आत अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी ठेवली तर प्रथिनंही झाली. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत मित्रांना, सोसायटीला जमवून खायला याहून चांगलं मेजवानीचं जेवण वजन कमी करणाऱ्याला मिळणार नाही. बरोबर शीतपेय आणि दारू आली की तो फायदा गेला, हे मात्र लक्षात असू द्या; दारूच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात.

उन्हाळ्यात भाजी रोडावते. तेव्हा शेवग्याच्या शेंगा, लाल माठ, कलिंगड, ताडगोळे, जांभळं, आणि २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा, तो कच्चाच, काकडीबरोबर. आंबा सोडू नका. दिवसाला एक मध्यम आंबा, जेवणानंतर नाही, तर चार वाजताच्या भुकेला, आणि आमरस करून नाही. रसाच्या वाटीत दोन-तीन आंबे नकळत जातात.

पाळीवर काम करणाऱ्यांसाठी

बंदरावरची, गोदामांतली, यार्डातली माणसं तीन पाळ्यांत काम करतात. त्यांचं वजन घरच्या जेवणाने कमी आणि गेटबाहेरच्या टपरीने जास्त वाढतं: रात्री दोनला वडापाव, चारला गोड चहा, सकाळी घरी येऊन पुन्हा भाकरी. रात्रपाळीला डबा न्या, आणि त्यात भात नको. एक भाकरी, भरपूर भाजी, दोन उकडलेली अंडी किंवा भाजलेला मासा, आणि वेगळ्या डब्यात काकडी-मुळा. मध्यरात्रीच्या आत जेवून घ्या, पहाटेच्या भुकेला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे ठेवा. चहा हवा तर बिनसाखरेचा. ट्रेलर चालवणाऱ्याला डबा टिकवणं अवघड जातं, त्याने निदान रस्त्यावर केळं, पेरू, काकडी घ्यावी आणि धाब्यावर भाजी मागताना वरची तर्री काढून टाकायला सांगावं. ते देतात काढून.

पाळी कुठलीही असो, दिवसातून किती वेळा जेवायचं हा प्रश्न येतोच, आणि महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी त्याबद्दलच्या दोन पद्धतींवरून घराघरांत वाद झाले. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून लोकांपर्यंत नेलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायची पद्धत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचा घरचं, हंगामी, आपल्या भागातलं थोडं थोडं खाण्याचा आग्रह. मला विचाराल तर ज्याच्या कामाच्या वेळेत जे बसेल ते त्याने धरावं. पिशवीतली भाजी दोन्हींना तीच लागते. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा किंवा भाताचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनीही पालेभाजी एकदम वाढवण्याआधी विचारून घ्यावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने वजन कमी करण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

मोजमाप असं ठेवा. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या सकाळी, उपाशीपोटी वजन करा. टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत ती ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम चाललंय, त्याहून घाई करू नका. महिनाभरात काटा जागचा हलला नाही तर आधी तेलाच्या डब्यावरची तारीख बघा, मग भाकऱ्या मोजा, मग टपरीवर दिवसाला किती वेळा थांबता ते आठवा. हे तिन्ही नीट असूनही वजन तसंच असेल, किंवा त्याबरोबर थकवा, सूज, पाळीच्या तक्रारी असतील, तर थायरॉईड आणि साखरेची तपासणी करून घ्या.